मुंबई ते कराची : एका अंतराचा इतिहास

मुंबईच्या विमानतळापासून कराचीच्या विमानतळापर्यंत हवेतून सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ८७० किलोमीटर भरते. दिल्ली मुंबईपासून साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास आहे; म्हणजे कराची तिच्यापेक्षा बरीच जवळ. बंगळूर आणि कराची या दोघांच्या अंतरांत फार तर तीस-चाळीस किलोमीटरांचा फरक. आपल्या मनातल्या नकाशात मात्र बंगळूर हे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याचे गाव आहे आणि कराची हे बातम्यांतले.

‘सरळ रेघ’ हा शब्द येथे जपून वापरायला हवा. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन गावांमधले हवाई अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही गावांच्या खुणांवर दोरा ताणून धरला, की तो ज्या वाटेने बसतो ती सर्वांत जवळची वाट. मुंबई-कराचीचा हा दोरा समुद्रावरून निघतो, सौराष्ट्र ओलांडतो, कच्छचे आखात पार करतो आणि सिंधच्या किनाऱ्याला लागतो. माणसाने काहीही केले तरी या दोऱ्याची लांबी बदलत नाही. बदलतो तो वेळ. गेल्या शंभर वर्षांत या ८७० किलोमीटरांना किती वेळ लागत आला, याचा हिशेब मांडला तर तो सुधारणेच्या सोप्या गोष्टीसारखा उतरत जात नाही. तो आधी झपाट्याने उतरतो आणि मग पुन्हा चढतो. का चढतो, हा या लेखाचा विषय आहे.

आधी विमानापूर्वीचा काळ पाहू. सर चार्ल्स नेपियर याने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे, १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत, कराची हे मुंबई इलाख्यातलेच शहर होते. धारवाड, रत्नागिरी, अहमदाबाद आणि कराची येथले अधिकारी एकाच सचिवालयाकडे कागद पाठवत. या एका व्यवस्थेमुळे मराठी माणसे नोकरीनिमित्त सिंधमध्ये गेली. त्यांतले ठळक नाव नारायण जगन्नाथ वैद्य यांचे. ते शिक्षणखात्यातले अधिकारी. १८५५ मध्ये कराचीत सुरू झालेली, सिंधमधली पहिली सरकारी शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. एन.जे.व्ही. या आद्याक्षरांत एक मराठी नाव दडले आहे, हे कराचीतल्या किती विद्यार्थ्यांच्या लक्षात येत असेल, कोण जाणे. पुढे गेलेल्या मराठी कुटुंबांतली काही तेथेच राहिली आणि आजही कराचीत गणपती बसतात.

या लोकांच्या प्रवासाला दोन वाटा होत्या. एक समुद्राची. कराचीची बोट मुंबईहून निघून साधारण दोन दिवसांत पोचे. दुसरी रेल्वेची. अहमदाबादपर्यंत रुंद रुळांची गाडी, तेथे बदलून अरुंद रुळांवरून मारवाडातून वाळवंट ओलांडायचे, सिंधमधल्या हैदराबादला पुन्हा गाडी बदलायची आणि मग कराची. सामान उतरवा, चढवा, डोळ्यांतली वाळू पुसा. किनारपट्टीच्या माणसाला बोट बरी वाटे, यात नवल नाही.

विमान आले ते माणसांसाठी नव्हे, पत्रांसाठी. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन-कराची अशी आठवड्याची हवाई टपालसेवा सुरू केली. ही ‘हवाई’ सेवाही अखंड हवाई नव्हती. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने बाझेल, तेथून आगगाडीने जिनोव्हा, मग उडत्या बोटीने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि पुढे दुसऱ्या विमानाने इराक व इराणच्या आखाताच्या बाजूने कराची. एकूण सात दिवस. बोटीने मुंबईला यायला पत्राला पंधरवडा लागे, त्यामानाने ही मोठीच बचत होती. पण सात दिवसांत कराचीला आलेले पत्र मुंबईला पोचायचे म्हणजे पुन्हा तीच वाळवंटी आगगाडी नाही तर बोट. मुंबईचा व्यापारी लंडनच्या भावावर अवलंबून, आणि भाव सांगणारे पत्र कराचीत येऊन रखडलेले.

हा तुटलेला दुवा नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश हवाई सैनिकाने हेरला. तो टाटांकडे योजना घेऊन आला : कराचीहून टपाल उचलायचे आणि अहमदाबाद, मुंबई, बल्लारीमार्गे मद्रासला न्यायचे. सरकारने पैशाची हमी द्यायला नकार दिला आणि वाटाघाटी लांबत गेल्या. अखेर २४ एप्रिल १९३२ रोजी दहा वर्षांचा करार झाला. टाटांनी सुमारे दोन लाख रुपये घातले आणि पुस मॉथ जातीची दोन छोटी विमाने घेतली. एक इंजिन, तीन माणसांची जागा, वरच्या बाजूला पंख. वैमानिकाला वाट दाखवायला रेडिओ नाही.

योजनेमागचा तरुण भागीदार जे. आर. डी. टाटा. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला होता. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्यांच्या शिक्षणाची जागा म्हणजे जुहूचे मैदान, आणि येथे मुंबईच्या उपनगरांचा या कथेत प्रवेश होतो.

विमान उतरणार ‘मुंबई’ला, असे कागदोपत्री लिहिले जाई. पण १९३२ ची मुंबई माहीम आणि शीवच्या पलीकडे जात नव्हती. महानगरपालिकेची हद्द तेथे संपे. पलीकडे १९२० मध्ये स्थापन झालेला मुंबई उपनगर जिल्हा, त्याचे मुख्य ठाणे वांद्रे. जुहू हे त्या जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव, जवळचे स्टेशन विलेपार्ले. मिठाच्या सत्याग्रहाची छावणी दोनच वर्षांपूर्वी विलेपार्ल्यात पडली होती. अंधेरीपर्यंतची आणि पूर्वेकडे घाटकोपर-भांडुपपर्यंतची उपनगरे पालिकेत आली ती १९५० मध्ये. बोरिवली, दहिसर आणि मुलुंड १९५७ मध्ये. म्हणजे मुंबईचे पहिले विमान मुंबईत उतरलेच नाही. ते भातखाचरे, मिठागरे आणि माडांच्या प्रदेशात उतरले. शहराला विमान हवे होते आणि विमानासाठी मोकळी जमीन शहराबाहेरच होती. ही विभागणी पुढे शंभर वर्षे उपनगरांच्या नशिबी आली.

जुहूची जमीनही कशी? भरतीच्या पातळीला लागून असलेली चिखलवट. उन्हाळ्यात ती टणक, पावसाळ्यात पाण्याखाली. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत पावसाळा आला की टाटांच्या विमानांचे बिऱ्हाड पुण्याला हलत असे. विमानाच्या वेळापत्रकावर पहिली सत्ता चालली ती मोसमी पावसाची.

१५ ऑक्टोबर १९३२. पावसाळा सरला होता. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा ५५ पौंड टपाल घेऊन एकटेच निघाले. अहमदाबादला उतरून त्यांनी पेट्रोल घेतले. ते डब्यांतून आणि बैलगाडीतून विमानापाशी आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी त्यांचे विमान जुहूला टेकले. पुढचे टपाल व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेला.

सात तास पंधरा मिनिटे. हा आकडा भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासात अनेकदा येतो, पण त्याची फोड सहसा कुणी करत नाही. ती करून पाहण्याजोगी आहे. कराची ते अहमदाबाद हवेतून सुमारे ५९५ किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४०. बेरीज १,०३५ किलोमीटर. सरळ वाटेपेक्षा ही वाट १६५ किलोमीटरने लांब. पण वाटेत पेट्रोल मिळायचे आणि अहमदाबादच्या गिरण्यांचे टपालही द्यायचे, म्हणून हा वळसा. पुस मॉथचा वेग ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर धरला, तर हवेतला वेळ साडेसहा तासांच्या जवळपास होतो. उरतो पाऊण तास. तो अहमदाबादच्या मैदानावर बैलगाडीने घेतला. पहिल्याच उड्डाणात प्रवासाच्या वेळेचे दोन भाग स्पष्ट दिसतात. एक यंत्राचा, दुसरा जमिनीचा. यंत्राचा भाग पुढे भराभर आक्रसत गेला. जमिनीचा फारसा आक्रसला नाही.

वेळेच्या हिशेबात आणखी एक गंमत आहे. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली होती, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नव्हती. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरातली कितीतरी घड्याळे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे दाखवत राहिली. प्रमाणवेळेने दुपारचे १ वाजून ५० मिनिटे झाली, की मुंबई वेळेच्या घड्याळात १ वाजून ११ मिनिटेच होत. म्हणजे कराचीहून प्रमाणवेळेने निघालेला माणूस गावात शिरून अशा घड्याळाकडे पाहता, तर त्याला आपण साडेसहा तासांतच आलो असे वाटले असते. एका प्रांतातली दोन शहरे, आणि त्यांतल्या एकात दोन वेळा.

पहिल्या वर्षी या छोट्या सेवेने १ लाख ६० हजार मैलांचा पल्ला पार केला, १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा मिळवला. १५५ प्रवासी म्हणजे आठवड्याला तीन. टपालाच्या पिशवीशेजारी बसून जाणारे हे लोक किती हौशी असतील, याची कल्पना करावी. पण आकडा लहान असला तरी बदल मोठा होता. दोन दिवसांचे अंतर सव्वासात तासांवर आले. सकाळी कराचीत टाकलेले पत्र त्याच दिवशी मुंबईत.

दुसऱ्या महायुद्धाने पुढचे पाऊल टाकले. जुहूच्या पूर्वेला सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाने मोठी धावपट्टी बांधली. युद्धानंतर ती नागरी वापरासाठी मिळाली. हवाई दलाने सोडलेल्या हँगरांत प्रवाशांची सोय झाली आणि १९४८ मध्ये प्रवासी विमाने जुहूहून सांताक्रूझला हलली. दोन धावपट्ट्या एकमेकींपासून इतक्या जवळ, की हवेतून पाहणाऱ्याला चकवा होई. १५ जुलै १९५३ रोजी एक ब्रिटिश कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि नऊ दिवसांनी तेथून उडू शकले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका जपानी डीसी-८ विमानानेही हीच चूक केली. ते धावपट्टीच्या पुढे निघून गेले आणि पुन्हा कामाचे राहिले नाही. अर्ध्या जगाचे अंतर बिनचूक कापायचे आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत फसायचे, असे हे प्रकार.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवास एका दिवसाचा, तिकीट १,७२० रुपयांचे. सोळा वर्षांपूर्वी लंडनचे पत्र मुंबईला यायला आठवडा लागत होता. आता माणूस चोवीस तासांत लंडनला पोचू लागला. वेगाची किंमतही होती. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातले सर्व ४८ जण गेले. तरीही दिशा ठरून गेली होती. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर लंडन आणखी जवळ आले.

याच वर्षांत कराची मात्र दूर जाऊ लागली होती.

ऑगस्ट १९४७ मध्ये दोन शहरांच्या मध्ये सीमा आली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचे लोंढे निघाले. काही विमानांनी आले, काही वाळवंटातल्या गाडीने, पण मुंबईला येणाऱ्यांची मोठी वाट बोटीची होती. कल्याण, चेंबूर, शीव-कोळीवाडा आणि मुलुंड येथे छावण्या उभ्या राहिल्या. मी मुलुंडला वाढलो. पश्चिमेची ‘मुलुंड कॉलनी’ आमच्यासाठी नेहमीचे ठिकाण होते. तेथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कराचीचे अंतर कधी मैलांत आले नाही. ‘दोन रात्री’ असे ते सांगत. दोन रात्री म्हणजे बोटीवरच्या. सव्वासात तासांचे विमान त्यांच्या आयुष्याच्या हिशेबात नव्हतेच. अंतराचे त्यांचे माप परतीच्या शक्यतेवर ठरलेले होते. पहिली काही वर्षे कुलपाच्या किल्ल्या जपून ठेवलेली घरे त्या वस्तीत होती. मग किल्ल्या नुसत्याच राहिल्या.

तरीही दार एकदम बंद झाले नाही, हे आज विसरले जाते. फाळणीनंतरही मुंबई-कराची विमाने उडत होती आणि प्रवासी बोट १९६५ च्या युद्धापर्यंत चालू होती. १९५१ मध्ये पाकिस्तानने आपली वेळ भारताच्या अर्धा तास मागे नेली. दोन शहरांची घड्याळे आता कायद्याने वेगळी झाली. १९६५ मध्ये बोट थांबली, मुनाबाव-खोखरापार रेल्वे थांबली. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून निघालेले ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेले गेले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. मग युद्ध झाले. विमाने पुन्हा सुरू व्हायला १९७६ उजाडले. २००२ च्या पहिल्या दिवसापासून पुन्हा दोन वर्षे बंदी. २००६ मध्ये मुनाबावची गाडी चाळीस वर्षांनी सुरू झाली, २०१९ मध्ये पुन्हा थांबली. त्याच वर्षी काही महिने आकाश बंद राहिले. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश पुन्हा बंद केले.

या यादीत वकिलातींचीही नोंद घ्यावी लागते. मुंबईत पाकिस्तानची आणि कराचीत भारताची वकिलात होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दोन्ही बंद आहेत. त्यानंतर मुंबईच्या माणसाच्या अर्जाला आधी दिल्ली गाठावी लागे. वायव्येला ८७० किलोमीटरवर जाण्यासाठी कागद आधी साडेअकराशे किलोमीटर उत्तरेकडे जाणार.

आता आजचा हिशेब मांडू. थेट विमान नाही. परवाना मिळालाच, तर सोयीची वाट दुबईवरून. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई ते कराची सुमारे १,१९०. बेरीज ३,१०० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीन पट. हवेतले तास तीन आणि दोन मिळून पाच. दुबईला विमान बदलायचे किमान दोन-अडीच तास. एकूण सात ते साडेसात तास. हा आकडा ओळखीचा आहे. लाकूड, कापड आणि नळ्यांच्या, ताशी शंभर मैलांच्या विमानाने, वाटेत बैलगाडीवरून पेट्रोल घेऊन, १९३२ मध्ये लागलेला वेळ एवढाच होता. विमान पाचपट वेगवान झाले आणि प्रवास आहे तेथेच राहिला.

येथे एक आक्षेप येऊ शकतो : प्रवासाचा वेळ असाही नुसत्या वेगावर कुठे ठरतो? आक्षेप बरोबर आहे, आणि तो तपासायला मुंबईची उपनगरे ही उत्तम जागा आहे. मुंबई-दिल्ली विमानाचे वेळापत्रक सव्वादोन तास दाखवते. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने हे अंतर दीड तासाच्या आत संपायला हवे. उरलेला वेळ जमिनीवर सरपटण्यात, चढण्या-उतरण्यात आणि रांगेत जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. घाटकोपर, कुर्ल्यावरून उतरणारी विमानांची माळ रोज पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. गर्दीच्या वेळी विमान आकाशातच घिरट्या घालते आणि खालचा माणूस रिक्षात बसून तेच करतो.

माझ्या मुलुंडहून जुहूची धावपट्टी सरळ रेषेत पंधरा किलोमीटर भरते. पुस मॉथला तेवढे अंतर साडेपाच-सहा मिनिटांचे. पण मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, आणि तो वळसून जोडरस्त्याने जायला संध्याकाळी तास-सव्वा तास सहज मोडतो. बोरिवलीहून द्रुतगती महामार्गाचे तेच. २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम उपनगरे खऱ्या अर्थाने शेजारी झाली. आता गोरेगाव-मुलुंड डोंगराखालून जोडबोगद्याचे काम हाती घेतले आहे. पनवेलजवळ दुसरे विमानतळ उभे राहिले आहे, आणि बोरिवलीकर त्याचे अंतर किलोमीटरांऐवजी तासांत विचारतो आहे. तो बरोबरच विचारतो. प्रवाशाच्या लेखी अंतर म्हणजे दारापासून दारापर्यंतचा वेळ.

पण येथेच दोन प्रकारच्या विलंबांतला फरक कळतो. डोंगराचा विलंब बोगद्याने कमी होतो, गर्दीचा मेट्रोने, वाऱ्याचा इंजिनाने. हे विलंब पैसा, कष्ट आणि काळ मागतात, पण ते एकाच दिशेने जातात. खणलेला बोगदा कुणी बुजवत नाही. कराचीच्या वाटेवरचा विलंब या जातीचा नाही. तेथे डोंगर नाही, हवा मोकळी आहे, यंत्र तयार आहे. तो विलंब एका सहीने येतो आणि एका सहीने जातो. १९७६ मध्ये गेला, २००२ मध्ये आला, २००४ मध्ये गेला, पुन्हा आला. त्यामागे कारणे असतात, काही फार गंभीर आणि रक्ताची असतात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहाजण कराचीहूनच, समुद्राच्या त्याच जुन्या वाटेने आले होते, हे मुंबईकर विसरू शकत नाही. बंद दाराला कारण असते, एवढे मान्य करूनच पुढे बोलायला हवे. तरीही नोंद ही करायलाच हवी, की प्रवासाच्या वेळेचा तिसरा भाग परवानगीचा असतो, आणि १९३२ मध्ये तो शून्य होता. जे. आर. डी. टाटांनी त्या सकाळी कोणतीही सीमा ओलांडली नाही. ते मुंबई इलाख्यातून मुंबई इलाख्यात आले.

या उड्डाणाच्या स्मरणार्थ पुढे जी उड्डाणे झाली, त्यांच्याकडे याच नजरेने पाहावे. १९६२ मध्ये तीस वर्षे झाली म्हणून जे. आर. डी. टाटा पुन्हा कराचीहून मुंबईला उडाले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ या जुन्या बनावटीच्या विमानातून त्यांनी तीच वाट तिसऱ्यांदा कापली. कराचीने त्यांना निघू दिले, जुहूने उतरवून घेतले. दोन युद्धे होऊन गेल्यावरही एका वृद्ध वैमानिकासाठी दोन सरकारांनी सही केली होती.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी तरुण वैमानिक आरोही पंडित यांनी एका हलक्या विमानातून, नव्या साधनांची मदत न घेता, हेच उड्डाण पुन्हा केले. वाटेत अहमदाबाद होते, शेवट जुहूला होता. सुरुवात मात्र कराचीहून झाली नाही. ती कच्छमधल्या भूजहून झाली.

विमान नवे होते, वैमानिक कुशल होती, ऑक्टोबरची हवा स्वच्छ होती. कमी पडले ते भूज आणि कराची यांच्यामधले सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे त्या जुन्या पुस मॉथचे जेमतेम दोन तास. जुहूच्या धावपट्टीवरून आज मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात, बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसे पोचवतात आणि संध्याकाळी परत आणतात. त्यांची वाट किनारा सोडून थेट समुद्रावर जाते, जेथून पूर्वी कराचीच्या बोटी जात.